बाबांच्या पाठीतला फिस्टुला (भगंदर न्हवं ओ!)

पाणंदीतला:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, तेव्हा शुद्धलेखनाला धरून हाणू नका. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, भात आणि रताळ्याचं. मी उद्यमबागेत फौंड्रीत, शेती बाबांच्याच अंगावर. वय ६२, शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी रोप लावणीत पहिल्यांदा म्हणाले, "पाय भरूलेत रे". घरापासून शिवार दीड किलोमीटर, अर्ध्या वाटेत पाय जड होऊन थांबायचे, बांधावर दहा मिनिटं टेकले की परत चालायचे. आम्हाला वाटलं वय झालं, वाकून वाकून कंबर गेली. आई म्हणाली तेल लावा. दिवाळीपर्यंत पायातली चप्पल कधी निसटली ते कळेना झालं, एकदा एकच चप्पल घालून घरी आले आणि आई हसली, आम्ही सगळेच हसलो. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

मग लघवीचं सुरू झालं. उभं राहायचं, उभंच राहायचं, आणि थेंब थेंब. त्यासाठी एक डॉक्टर, ते म्हणाले प्रोस्टेट, गोळी दिली. पायासाठी दुसरे डॉक्टर, कमरेचा एमआरआय, चौथ्या-पाचव्या मणक्याची गादी सरकलीय म्हणून पट्टा, गोळ्या, फिजिओ. ह्यांना त्यांचं माहीत नाही, त्यांना ह्यांचं नाही, आणि आम्हीपण दोन्ही गोष्टी एका डॉक्टरपुढं एकत्र ठेवल्या नाहीत कारण लघवीचं आणि पायाचं काय नातं असणार. आणि ६२ वर्षांच्या शेतकऱ्याच्या एमआरआयमध्ये गादी दबलेली दिसणारच की ओ, शनिवारच्या बाजारातनं कुणालाही धरून काढा, दिसेल. हे शहाणपण आता आलंय.

वर्षभर असंच गेलं. मग सांगितलं की पाठीत एक इंजेक्शन घेऊ, सूज उतरेल. सकाळी घेतलं, संध्याकाळी घरी आलो, आणि रात्री बाबा लघवीला उठले ते तिथंच बसले. पाय उचलेनात. मी आणि शेजारच्या पोरानं उचलून खाटेवर घातलं. इंजेक्शनमध्ये स्टिरॉइड होतं. या आजारात स्टिरॉइडनं पाय आणखी जातात असं बऱ्याच पेशंटमध्ये दिसलेलं आहे, पण त्यासाठी आधी हा आजार आहे हे कळायला पाहिजे न्हवं.

दुसऱ्या दिवशी एका न्यूरो डॉक्टरांकडे नेलं. तरुण माणूस, फाईल बघितलीच नाही आधी. बाबांनाच विचारलं, चालल्यावर वाढतंय का, बसल्यावर कमी होतंय का, लघवी कशी, संडास कशी. मग किल्लीनं तळपायावर ओरखडा काढला. पायाचा अंगठा खाली न येता वर गेला. मला म्हणाले, "हे कमरेच्या गादीनं होत नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, त्याच्या खाली नुसत्या नसांचा झुबका असतो. अंगठा वर गेला म्हणजे दोष मज्जारज्जूत आहे, म्हणजे वर आहे. तुम्ही एक मजला खाली शोधत होता." पूर्ण कण्याचा एमआरआय करायला लावला. त्यात छातीच्या मागच्या भागातला रज्जू सुजून पांढरा झालेला, आणि त्याच्या पाठीला काळे काळे ठिपके, वळवळ्या किड्यांसारखे. त्या फुगलेल्या शिरा. आणि गंमत बघा, जुनी कमरेची फिल्म परत लाइटवर लावली तर तिच्या अगदी वरच्या टोकालाही तो पांढरेपणा होता. सगळ्यांनी खालची गादीच बघितली.

नाव सांगितलं स्पायनल ड्युरल आर्टेरिओव्हीनस फिस्टुला. मी म्हटलं, साहेब मराठीत. त्यांनी प्रयत्न केला, पण नीट कळालं ते परत येताना बसमध्ये, मीच माझ्या डोक्यात शेत उभं केलं तेव्हा. धमनी म्हणजे प्रेशरचं पाणी, मोटरची लाइन समजा. शीर म्हणजे निचऱ्याची चर. मधे वाफे, तिथं पाणी मुरतं, प्रेशर मरतं, उरलेलं चरीत उतरतं. आता मोटरची लाइन फुटून पाणी थेट चरीतच पडायला लागलं तर काय होईल? चर तुंबणार, आणि वाफ्यातलं पाणी बाहेर पडायला जागाच राहणार नाही. रान चिबडणार. पीक पाण्याअभावी नाही, पाण्यात उभं राहून मरतंय. बाबांचा रज्जू चिबडला होता. चालल्यावर, वाकल्यावर शिरांतलं प्रेशर आणखी वाढतं म्हणून रोप लावणीतच पहिल्यांदा दिसलं.

पुढचं बेंगलोरला. राणी चन्नम्मानं रात्रीत गेलो, बाबांना लोअर बर्थवर आडवं करून, जिल्हा हॉस्पिटलचं रेफरल लेटर आणि बीपीएल कार्ड माझ्या बनियनच्या आत. तिथं आधी अँजिओग्राफी. हृदयाची असते तशी नाही, जांघेतनं नळी घालून प्रत्येक फासळीखालच्या धमनीत डाय सोडून बघतात, डावीकडं, उजवीकडं, मग एक मजला वर. अडीच तास चाललं. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं, बाबांना तेच सगळ्यात अवघड गेलं, म्हणाले दोन वर्षं पाय हलेना म्हणून आलो आणि आता हलवू नको म्हणूलेत.

भोक सापडलं डाव्या बाजूला पाठीच्या आठव्या मणक्याशी. दोन रस्ते होते. एक, त्याच नळीतनं ग्लू घालून भोक बुजवायचं. दुसरा, ऑपरेशन. ग्लूचा विचार चालला होता पण रज्जूच्या खालच्या भागाला रक्त देणारी एक मोठी धमनी असते, अ‍ॅडमकिविझ नावाची, ती बाबांची नेमकी त्याच फाट्यावरनं निघत होती. ग्लूचा एक थेंब तिकडं गेला असता तर पाय कायमचे. म्हणून ऑपरेशन.

फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये. मला वाचता येतं, बाबांना नाही, एका सिस्टरनी हुबळीच्या कन्नडमध्ये आणि मी आपल्या मराठीत असं दोघांनी मिळून वाचून दाखवला. अंगठा नको, सही करतो म्हणाले.

ऑपरेशन तीन तास. मणक्याची मागची कमान थोडी काढली, रज्जूचं वेष्टण उघडलं, मायक्रोस्कोपखाली ती एकच शीर शोधली जी वेष्टणातनं आत शिरते. शीर असून लालभडक, धमनीसारखी. तिच्यावर आधी तात्पुरती क्लिप लावली, शिरेतनं डाय देऊन खास लाइटमध्ये बघितलं की आता भरत नाही ना, मग जाळून कापली. सर्जननी नंतर रेकॉर्डिंग दाखवलं मला. क्लिप लागली आणि पुढची सगळी वेटोळी बघता बघता लालची निळी झाली. मी फौंड्रीत रोज लाल धातू काळा पडताना बघतो पण हे बघून हात कापायला लागले.

आता नऊ महिने झाले. काठी घेऊन घर ते मारुती मंदिर. तळव्यांना अजून गादीवर चालल्यासारखं वाटतं. लघवीचं मात्र अर्धंच सुधारलं, दिवसातनं दोनदा नळी घालावी लागते, ती आता स्वतःच घालतात. कुणाच्या घरी असं झालंय का, लघवीचं पुढं किती येतं, हेच विचारायला धागा काढलाय. बाकी लिहिता लिहिता झालं.

निपाणीची_सून:
वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. बाबांना नमस्कार सांगा. एक विचारू का, फिस्टुला म्हणजे भगंदर ना? माझ्या मोठ्या दिरांचं क्षारसूत्र केलं होतं, ऑपरेशन न करता बरं झालं. दोन वर्षांनी परत नाही आलं.

पाणंदीतला:
ताई, म्हणून तर शीर्षकात आधीच लिहिलंय 😀 गावात पण हेच. मी एकाला फिस्टुला म्हणून सांगितलं, आठवडाभरात सगळ्या गल्लीत झालं की ह्यांच्या बापाला भगंदर झालंय आणि हे लाजून पाठीचं सांगूलेत. एक पाव्हणे तर बसायला रबरी रिंग घेऊन आले.

रेडिओवाला_मिरज:
पाणंदीतला, चिबड जमिनीची उपमा मी आजपासून चोरली, पेशंटना सांगायला. मी रेडिओलॉजीत आहे, अशा केसेस आमच्यापर्यंत उशिराच येतात. फिस्टुला म्हणजे दोन पोकळ्यांना जोडणारी, नसायला पाहिजे अशी वाट. भगंदर ही एक, ही दुसरी.

थोडं जुनं सांगतो कारण या आजाराचा इतिहासच चुकीच्या जागी हात घालण्याचा आहे. पूर्वी सर्जन पाठ उघडायचे, रज्जूवर शिरांचं वेटोळं दिसायचं, तेच आजाराचं मूळ समजून सगळं सोलून काढायचे. म्हणजे रानातलं पाणी जायची होती नव्हती ती चरच उखडायची. पेशंट बरेचदा आणखी वाईट व्हायचे. १९७७ मध्ये केंडल आणि लोग या दोघांनी दाखवलं की दोष वेटोळ्यात नाहीच, नस बाहेर पडते तिथल्या वेष्टणाच्या बाहीत, ड्युरामध्ये, सुईच्या टोकाएवढी जागा आहे, तेवढी तोडा, वेटोळं आपोआप मोकळं होतं. तेव्हापासून ऑपरेशन एवढंसं झालं.

आता किती दुर्मिळ ते. दहा लाखांत वर्षाला ५ ते १० नवीन पेशंट असं पुस्तकात देतात. बेळगाव जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार. म्हणजे एकट्या या जिल्ह्यात वर्षाला २५ ते ५० माणसं निघाली पाहिजेत, बहुतेक पन्नाशी-साठीतले पुरुष, कारण हा आजार बायकांच्या पाचपट पुरुषांत. तेवढी निघतात का? मला नाही वाटत. उरलेली कमरेला पट्टा बांधून कुठंतरी बांधावर बसलेली असणार.

लघवीबद्दल खरं सांगतो, राग मानू नका. पायाची ताकद सगळ्यात चांगली परत येते, बधिरपणा कमी, आणि लघवी-संडास सगळ्यात कमी. ऑपरेशननं फिस्टुला बंद होण्याचं प्रमाण शंभरात ९६ ते ९८ आहे, म्हणजे तो भाग जवळपास पक्का, पण बंद होणं आणि परत येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. किती दिवस तुंबलं होतं त्यावर पुष्कळ आहे. तरी नऊ महिन्यांत आशा सोडायची नाही, आणि ती नळी स्वतः घालतात हे फार चांगलं, मूत्राशय रिकामा राहिला तर किडनी वाचते.

पाणंदीतला:
राग कसला डॉक्टर. तिथल्या सर्जननी पण आधीच सांगितलं होतं की आम्ही पुढचं बिघडणं थांबवतोय, मागचं किती मिळेल ते बोनस. फक्त ते ऐकताना माणूस बोनसच ऐकतो.

गावठी_उपाय:
एवढं चिरफाड करायची गरज नव्हती असं माझं प्रामाणिक मत. घटप्रभेकडं एक वैद्य आहेत, तेलानं नस मोकळी करतात, माझ्या ओळखीतले तीन जण खाटेवरनं उठून चालत गेले. विश्वास पाहिजे.

ओटीतली_अक्का:
विश्वास आहे हो, पण ड्युरा तेलानं उघडत नाही.
१८ वर्षं न्यूरोच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, स्टाफ आहे मी, पाठीवर पाय देऊन तुडवून आलेले पेशंट बघितलेत. ज्याच्या पाठीतल्या शिरा आधीच फुगल्यात त्याला पालथं घालून रगडायचं म्हणजे काय हे विचार करून लिहीत जावा.

खानापूरची_लेक:
हा धागा माझ्यासाठीच आल्यासारखा वाटतोय. माझ्या बहिणीचा मुलगा, १५ वर्षांचा, जूनमध्ये शाळेत फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत एव्हीएम सांगितलं. हे पण असंच का? डोक्याला उजवीकडं मागं आहे, साधारण अडीच सेंटीमीटर, रक्तस्राव झालेला नाही. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात गॅमा नाइफ, तिसरे म्हणतात फिटच्या गोळ्या घ्या आणि हात लावू नका. तिघंही मोठेच. बहीण रात्रभर झोपत नाही, पोराला सायकलसुद्धा देत नाही.

रेडिओवाला_मिरज:
ताई, जात एक, घराणं वेगळं. पाणंदीतलाच्या बाबांच्यात एक भोक आणि एक शीर. एव्हीएममध्ये धमन्या आणि शिरा यांच्या मधे जे केसासारखं बारीक जाळं असायला पाहिजे ते नसतंच, त्याऐवजी एक गुंता असतो, त्याला निडस म्हणतात, घरटं. धोका चिबडण्याचा कमी आणि फुटण्याचा जास्त. न फुटलेल्याला वर्षाला शंभरात साधारण २ ते ४ अशी फुटण्याची शक्यता धरतात. ऐकायला कमी, पण १५ वर्षांच्या मुलापुढं पन्नास-साठ वर्षं आहेत, ते जमा होत जातं.

तीन डॉक्टर तीन मतं का, त्याचं कारण २०१४ चा अरुबा नावाचा अभ्यास. न फुटलेल्या एव्हीएमचे दोन गट केले, एकाला फक्त औषधं, दुसऱ्याला ऑपरेशन, ग्लू, रेडिएशन यातलं काहीतरी. सरासरी ३३ महिन्यांत औषधवाल्यांत मृत्यू किंवा स्ट्रोक शंभरात १०, उपचारवाल्यांत शंभरात ३० च्या वर. अभ्यास मधेच थांबवला. तुमचे तिसरे डॉक्टर तिथून बोलत असणार. पण त्यावर टीकापण भरपूर झाली, कारण ३३ महिने हा फार लहान काळ, आणि उपचार गटात नुसतं ऑपरेशन झालेले अगदी मोजके होते. आणि तुमच्यासाठी मुख्य म्हणजे त्यात १८ वर्षांखालचं कुणीच नव्हतं. म्हणजे ते आकडे भाच्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पहिल्या डॉक्टरांना विचारा ग्रेड किती. १९८६ पासून स्पेट्झलर-मार्टिन म्हणून साधा हिशोब आहे. तीन सेंटीमीटरच्या आत एक मार्क, तीन ते सहा दोन, सहाच्या वर तीन. बोलणं, हालचाल, नजर अशा महत्त्वाच्या जागी असेल तर एक. निचरा खोलातल्या शिरांकडं असेल तर आणखी एक. बेरीज एक-दोन आली तर सर्जन बऱ्यापैकी निर्धास्त असतात, चार-पाच आली तर शक्यतो हात लावत नाहीत. मागच्या भागात आहे म्हणता, तिथं नजरेचं केंद्र असतं, त्यामुळं तो एक मार्क मिळतो का हे विचारा.

गॅमा नाइफमध्ये नाइफ नाही, नुसते किरण. लहान गुंत्याला चांगलं, पण बंद व्हायला दोन-तीन वर्षं घेतं आणि तोपर्यंत फुटण्याचा धोका तसाच असतो. हे बऱ्याच घरच्यांना वाटतं की मशीनमधून बाहेर आलं की झालं.

सायकलचं डॉक्टरांना विचारा, पण ते फिटमुळं, एव्हीएममुळं नाही. फिट कंट्रोलमध्ये आल्या की तेवढं स्वातंत्र्य द्यायला हरकत नसते बहुतेकदा.

ओटीतली_अक्का:
खानापूरच्या ताई, ऑपरेशनआधी ग्लू किंवा ओनिक्स (ग्लूसारखंच वाहिनी बुजवणारं द्रव) घालून गुंता अर्धा बंद करून घेतात कधी कधी, रक्त कमी जावं म्हणून. ओनिक्स घातलं तर एक सांगून ठेवते, दोन दिवस पोराच्या श्वासाला लसणाचा वास येईल. ते ज्या द्रवात विरघळवलेलं असतं त्याचा वास. एका बाईंनी वॉर्डात भांडण काढलं होतं की उपाशी ठेवलेल्या माझ्या नवऱ्याला चटणी कुणी चारली.

तंबू_टाकळी:
एक शंका. मगाशी लिहिलं की बाबांची शीर कापली. आता मेंदूचं वाचलं की गुंता फुटतो. मी यूट्यूबवर एक लेक्चर बघितलं त्यात सर्जन ओरडून सांगतो की शीर सगळ्यात शेवटी, आधी धमन्या. मग पाठीत सरळ शीरच कशी कापली? इकडं चालतं आणि तिकडं नाही असं कसं?

रेडिओवाला_मिरज:
हा प्रश्न पोस्टग्रॅज्युएटच्या परीक्षेत विचारावा असा आहे. पाणंदीतलाच्याच शेतात जाऊ. मेंदूतल्या एव्हीएमला मोटरच्या पाच-सहा लाइन येतात आणि मधे मऊ मातीचं तळं आहे. मोटरी चालू ठेवून चर बुजवलीत तर तळं फुटणार. म्हणून आधी एकेक मोटर बंद, भोवतीनं गुंता सुटा करत यायचं, आणि शीर काळी पडली की तिला हात. मोठ्या गुंत्यात तर सगळं नीट काढल्यावरसुद्धा शेजारच्या मेंदूत अचानक पूर्ण प्रेशरचं रक्त शिरतं, ज्या वाहिन्यांना वर्षानुवर्षं सवय नाही त्या सुजतात, रक्तस्राव होतो. त्यासाठी आधी टप्प्याटप्प्यानं ग्लू घालून मग काढतात.

पाठीच्या फिस्टुल्यात तळंच नाही. भोक टाचणीएवढं, तेही ड्युराच्या जाड कातड्यात, फुटायला काही नाही. आत जाणारी वाट एकच, ती शीर. ती ड्युरातून आत येते तिथंच बंद केली की रक्ताला जायला जागा नाही, भोक आपोआप गोठून बंद. उलट बाहेरून नुसती धमनी बांधलीत तर शेजारच्या फासळीची धमनी हळूच त्या भोकाला पाणी द्यायला येते आणि सहा महिन्यांत परत तेच. ग्लू घालतानाही नेमकी हीच परीक्षा असते, ग्लू भोक ओलांडून शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचला पाहिजे. अलीकडंच थांबला तर पेशंटला महिनाभर बरं वाटतं आणि मग पाय परत जड.

तंबू_टाकळी:
कळालं. आयुष्यात पहिल्यांदा शेतीचा उपयोग झाला मला 😂

चिकोडीचा_ऊसवाला:
तुम्ही सगळे हे काढायच्या मागं आहात, माझ्या वडिलांना डॉक्टरांनी मुद्दाम करून दिलाय. किडनी गेली, आठवड्याला तीन डायलिसिस. मनगटापाशी धमनी आणि शीर जोडली, दीड-दोन महिन्यांत शीर दोरीसारखी वर आली, आता तिच्यातच सुया. हात लावला की थरथर लागते, कानाला लावलं तर गिरणीसारखा आवाज. सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम ते, थरथर आहे ना बघायचं. बंद पडली तर लगेच दवाखाना.

रेडिओवाला_मिरज:
बरोबर, १९६६ पासूनची युक्ती आहे, ब्रेशिया आणि सिमिनो या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची. जो दोष पाठीत माणसाला खाटेवर घालतो तोच मनगटात जीव वाचवतो, कारण तिथं चिबडायला काही नाही आणि शिरेला जाड व्हायला वाव आहे. त्या हाताला बीपी नाही, रक्त काढायचं नाही, घट्ट घड्याळ नाही, उशीखाली हात घेऊन झोपायचं नाही. बोटं गार पडून दुखायला लागली तर दाखवा, पुढचं रक्त चोरलं जात असेल.

चिकोडीचा_ऊसवाला:
उशीचं माहीत नव्हतं. ते तसेच झोपतात. आजच सांगतो.

सीमेवरचा_शिपाई:
योजनेचं कुणी लिहीना म्हणून लिहितो. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. पाणंदीतलाचं गाव त्यात असणारच. कोल्हापूर-मिरज दोन तासांवर असताना बाबांना बेंगलोरपर्यंत का न्यायचं? आपल्या हक्काचं घ्यायचं नाही आणि मग रडायचं.

पाणंदीतला:
शिपाई, मी रडूलो नाही. न्यूरो डॉक्टरनी जिथं अशी ऑपरेशनं जास्त होतात तिथं पाठवलं, मी गेलो. पाय जाऊलेत तेव्हा माणूस नकाशा बघत नाही.

कन्नडिग_गेळेया:
मी मराठी शाळेत शिकलोय म्हणून इथं वाचतो. कर्नाटक सरकारच्या आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, एपीएलना पॅकेजच्या ३० टक्के. सरकारी हॉस्पिटलचं रेफरल महत्त्वाचं, ते विसरून थेट गेलं तर तिथं अडतं. दोन्ही योजनांची कागदं तयार ठेवावीत असं मला वाटतं, जी आधी चालेल ती.

सीमेवरचा_शिपाई:
त्या ८६५ गावांवर आक्षेप कुणी घेतला होता तेपण लिहा की मग.

संपादक:
शिपाई आणि इतर, सीमाप्रश्नाला वेगळे ४ धागे आहेत. खालचे ११ प्रतिसाद तिकडं हलवले. इथं आजारावर बोला.

कडोलीचा_भाचा:
मी दोन दिवस हा धागा परत परत वाचतोय. माझ्या मामांचं सेम टू सेम. ५८ वय, चालताना पाय अडकतात, पट्टा आहे, गोळ्या आहेत, आणि परवा मामीनं हळूच सांगितलं की लघवीला त्रास आहे म्हणून. पुढच्या सोमवारी पाठीत इंजेक्शनची तारीख दिलीय. काय करू? मामा माझं ऐकत नाहीत, म्हणतात तू मोबाईलवर डॉक्टर झालास.

रेडिओवाला_मिरज:
इथून कुणी निदान करणार नाही, मीही नाही. पण पाय आणि लघवी दोन्ही एकत्र असेल तर इंजेक्शनआधी एकदा न्यूरोवाल्यांना दाखवा आणि पूर्ण कण्याचा एमआरआय होईल का विचारा. आधीच्या डॉक्टरांना लघवीचं माहीत आहे का? नसेल तर आधी त्यांनाच फोन करून सांगा, चांगला डॉक्टर स्वतःच तारीख पुढं ढकलेल.

पाणंदीतला:
भाचा, मामांना आमच्या घरी घेऊन ये. बाबा बोलतील त्यांच्याशी. आमच्या वयाच्या पोरांचं ऐकत नाहीत पण ज्याची चप्पल निसटलीय त्याचं ऐकतील.

निपाणीची_सून:
खानापूरच्या ताई, भाच्याचं काय ठरलं?

खानापूरची_लेक:
ग्रेड दोन निघाली. नजरेच्या जागेला अगदी लागून आहे म्हणे, निचरा वरच्या शिरेकडं. अँजिओ पुढच्या महिन्यात, मग ठरवणार. डॉक्टरांना रेडिओवाला यांनी सांगितलेलं विचारलं तर त्यांनी चष्मा काढून बघितलं माझ्याकडं. पण नंतर अर्धा तास नीट बसून समजावलं, ऑपरेशन केलं तर डाव्या बाजूची थोडी नजर जाऊ शकते हेही सांगितलं, जे आधी कुणी सांगितलं नव्हतं. बहीण आता झोपते थोडी. सायकल अजून दिली नाही.

कडोलीचा_भाचा:
अपडेट. मामा पाणंदीतलांच्या घरी गेले होते, दोघं म्हातारे दोन तास बसले, आजाराचं दहा मिनिटं आणि बाकी भाताच्या दरावर. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले चल. इंजेक्शन रद्द केलं, डॉक्टर रागावले नाहीत उलट लघवीचं आधी का सांगितलं नाही म्हणून मामांनाच झापलं. पूर्ण कण्याचा एमआरआय झाला.

फिस्टुला नाही. शिरा नॉर्मल. मानेत पाचव्या-सहाव्या मणक्याशी रज्जूवर मोठा दाब आहे, मानेचं ऑपरेशन करायला पाहिजे म्हणतात, फार थांबू नका म्हणाले.

रेडिओवाला_मिरज:
म्हणजे तेही वरच्याच मजल्यावर होतं. मान दुखते का म्हणून कुणी विचारलं नसणार, आणि यात बरेचदा मान दुखतच नाही. ऑपरेशनपर्यंत मानेला झटका नको, दुचाकीच्या मागं बसून खड्ड्यातनं नेऊ नका.

कडोलीचा_भाचा:
आमच्या रस्त्यानं दुचाकीच काय, रुग्णवाहिकापण झटका देते. बघतो.

पाणंदीतला:
भाचा, ऑपरेशनची तारीख कळव, रक्त लागलं तर माझा ओ पॉझिटिव्ह आहे. रेडिओवाला, लघवीचं थोडं पुढं सरकलंय, रात्रीची नळी बंद केली डॉक्टरांनी, आता सकाळी एकदाच. बाबा रताळ्याच्या रानात बांधावर खुर्ची टाकून बसूलेत, कुठली वेल आधी उपटायची ते काठीनं दाखवूलेत, आणि चपलेला आईनं मागनं रबर शिवून दिलंय.